बुटांखालची माती

४ मार्च

तुझ्या सहीचा कागद मिळाला. छापील. वर लिहिलंय, 'प्रति, पादत्राण स्वच्छता सेविका, पश्चिम फाटक'. खाली प्रश्न. पहिला, आपण प्रत्येक अभ्यागताचे बूट घासता का? दुसरा, घासताना तळव्याच्या खाचा तपासता का? असे अकरा. आणि सगळ्यात शेवटी, ठसठशीत, माझ्या नातीची सही. जिचं नाक मी पुसलं तिनं मला विचारावं, की बाई, तुम्ही नीट पुसता का?

'अभ्यागत' म्हणजे काय ते मला फाटकावरच्या साहेबांना विचारावं लागलं. ते म्हणाले, पाहुणे. मग पाहुणे लिहायला काय शाई जास्त लागत होती?

मुंगे, तू बरी आहेस ना? वेळेवर जेवतेस ना? हे आधी लिहायचं असतं, ठाऊक आहे मला. पण राग गरम होता, तो आधी वाढला. या दरीत फोन लागत नाही म्हणून वाचलीस, नाहीतर कानातच ओरडले असते.

आता उत्तरं. घासते. अठरा वर्षं घासते. आपल्या गावात रस्ता एकच, आणि तो फाटकाशी संपतो. पलीकडे जंगल. फाटक उघडायच्या आधी मी पत्र्याच्या शेडमध्ये बाकावर बसलेली असते. डाव्या हाताला दोन ब्रश, एक मऊ, एक राठ. खाचेतला चिखल काढायला वाकवलेली तार. पायाशी पत्र्याचं ताट, त्यात माती पडते. उजव्या हाताला औषधाच्या पाण्याची परात. कुठल्या कुठल्या मुलखातून माणसं येतात, आपापली माती बुटाला चिकटवून आणतात, आणि त्या मातीत मुळं कुजवणारा रोग असतो. तो आत जाऊ नये म्हणून मी आहे. हे मला तू शिकवायचं की मी तुला?

मागच्या वर्षी कोणी मोठा हुद्देवाला आला होता, पुढेमागे चार गाड्या. म्हणाला, माझे बूट कोरे आहेत. म्हटलं, कोऱ्या बुटाला तळवा नसतो का? बसवला बाकावर. एक बाई लग्नातले बूट घालून आली होती, पांढरे, वर मोती. मोत्यांच्या फटीतून तार फिरवली. खोटं वाटत असेल तर तुझ्या आईला विचार. माझी सून माझ्याबद्दल चांगलं बोलायची नाही, पण खोटंही बोलायची नाही.

कागद भरून परत पाठवलाय. सगळीकडे 'हो' लिहिलंय. शेवटी होतं, 'इतर काही सांगावयाचे असल्यास'. तिथे काही लिहिलं नाही. जागाच दीड बोट ठेवलीय तुम्ही.

तुझी आजी

१३ मार्च

आजी,

नमस्कार. मी जेवते, वेळेवर. तो कागद चारही फाटकांना गेला, सगळ्यांवर सही माझीच असते. तुझ्या पाकिटावर पत्ता घालताना हात अडखळला होता, पण तुला एकटीला वगळलं असतं तर ते बरं दिसलं नसतं.

का पाठवला ते सांगते. पहिल्या पुलाजवळचा मोठा वृक्ष, ज्याला सात जणांनी हात धरून मिठी मारावी लागते, तो वाळतोय. त्याच्या मुळाशी असलेली माती आमच्या प्रयोगशाळेत आली. भिंगाखाली मीच ठेवली. मूळकूज आहे, आजी. आणि ती आपल्या डोंगरातली नाही, बाहेरून आलेली आहे.

ती आत कशी गेली हे कळलं तर फक्त तेवढाच तुकडा बंद करता येतो. नाही कळलं तर अख्खं पश्चिम फाटक बंद होईल, दहा वर्षांसाठी. पाहुणे पूर्वेच्या फाटकाने जातील. मेअखेर निकाल आहे. दहा वर्षांत आपल्या गावात काय उरेल ते तुला सांगायला नको. खोल्या भाड्यानं देणारे, वाटाडे, रेनकोटवाला, सगळे त्या एका फाटकावर जगतात.

ऑफिसात म्हणतात, तिथली बाई म्हातारी झालीय, एखादा सुटला असेल तिच्या हातून. काल मी मोठ्या बाईंशी भांडले. म्हटलं, माझी आजी कोणाला सोडत नाही. त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "तुमची आजी?" तोवर त्यांना माहीत नव्हतं. आता सगळ्यांना माहीत झालंय.

म्हणून नीट आठव. कोणी घाईत, कोणी ओळखीचा, कोणी तू चहाला उठलीस तेव्हा? मी रागावणार नाही. आईला नमस्कार.

तुझी मुंगी

२२ मार्च

मुंगे,

तू रागावणार नाहीस हे वाचून मी निवांत झाले. दोन दिवस जेवण गोड लागलं.

कोणी सुटलं नाही. आठवून आठवून डोकं दुखलं. चहाला मी उठत नाही, चहा माझ्याकडे येतो. ओळखीच्यांना तर जास्त घासते, ते जास्त लबाड असतात. तुझ्या आईला एकदा आत डबा द्यायला जायचं होतं, तिच्याही चपला घासल्या. महिनाभर बोलली नाही माझ्याशी. ते दिवस बरे गेले.

गावात बातमी पोचली. कशी ते विचारू नकोस, साहेबांच्या ऑफिसला भिंती आहेत पण त्या कानाच्या आहेत. खोल्यावाली सकाळीच शेडमध्ये आली. कमरेवर हात. म्हणाली, "काकी, वरचा मजला बांधायला काढलाय मी. फाटक बंद झालं तर त्यात कोंबड्या ठेवू?" मी म्हटलं, "कोंबड्या तुझ्यापेक्षा कमी बोलतील." हसली नाही. मीही हसले नाही खरं तर. माझ्या शेडसमोरून रोज जाणारी सगळी माणसं आता माझ्या हाताकडे बघत जातात.

रानडुकरांनी आणली असेल माती. त्यांना कोण बसवतंय बाकावर? तसं लिही तुझ्या अहवालात.

पुलावरच्या रखवालदाराचं मात्र वाईट वाटतं. त्याची झोपडी त्या झाडाच्या सावलीत. एकटा माणूस, त्याला करमावं म्हणून दोन पावसाळ्यांमागे मी माझ्या परसातली चार रोपं डब्यांत लावून दिली होती, मातीसकट. जोमानं वाढली होती. माझ्या परसातली माती म्हणजे साऱ्या जगाची माती, तिच्यात काठी रोवली तरी पालवी फुटेल. तर ती रोपंही गेली म्हणे. झाडाच्याही आधी गेली. कोणाची दृष्ट लागली बिचाऱ्याला.

तब्येत सांभाळ. भिंगात सारखी बघू नकोस, डोळे जातील.

आजी

३० मार्च

आजी,

एवढंच सांग. तुझ्या परसात माती कुठून आली?

आईला हे पत्र दाखवू नकोस. लवकर लिही.

मुंगी

६ एप्रिल

मुंगे,

तुझं पत्र मिळालं. इतकं छोटं पत्र आपल्या घराण्यात कोणी लिहिलं नव्हतं. कागद महागला काय तिकडे?

इकडे सगळं ठीक. गेल्या आठवड्यात पाहुणे कमी होते. रेनकोटवाल्याच्या दुकानाचा पत्रा उडाला, तो त्यानं उलटा बसवला, आता पाणी बाहेर जायच्या ऐवजी आत येतं आणि तो रेनकोट घालून रेनकोट विकतो. तुझ्या आईचा गुडघा दुखतोय, पण ती सांगत नाही, मला चालण्यावरून कळतं. साहेबांना सर्दी आहे.

मातीचं काय विचारतेस? माती जमिनीतून येते. आणखी कुठून येणार, आभाळातून? ब्रश नवा हवाय, राठ. जुन्याचे केस गळले. तुझ्या ऑफिसला सांग.

आजी

१२ एप्रिल

मुंगे,

सहा तारखेचं पत्र फाडून टाक. त्यात एकच गोष्ट खरी आहे, साहेबांची सर्दी.

परवा मी पुलापर्यंत चालत गेले. माझे बूट मी दोनदा घासले, मग आत पाय टाकला. तुझा बाप गेल्यानंतर इतकं लांब चालले नव्हते. रखवालदार मला बघून उठला. म्हणाला, "वहिनी, तुमच्या डब्यांतली माती साहेब पाकिटात भरून घेऊन गेले. कशाला विचारलं तर म्हणाले, वरून हुकूम आहे. मी त्यांना काही बोललो नाही. कुणी दिले डबे, ते त्यांनी विचारलं, मी म्हटलं आठवत नाही." माणूस दोन वर्षं त्या डब्यांना पाणी घालतोय आणि त्याला आठवत नाही. माझ्यासाठी खोटं बोलला, आणि ते माझ्याकडे न बघता सांगितलं.

मग झाडापाशी गेले. बुंध्यातून काळं पाणी झिरपतंय. सालीवर अंगठा दाबला, तर उकडलेल्या बटाट्यात जावा तसा आत गेला. अंगठा बाहेर काढला आणि तिथेच बसले. रखवालदारानं पाणी दिलं. प्यायले नाही. रोग आणलेल्या हातानं तिथलं पाणी पिऊ नये असं वाटलं.

आता ऐक. सहा वर्षांपूर्वी घाटातला रस्ता खचला होता, आठवतं? ताटातली माती आम्ही झाकणाच्या ड्रममध्ये टाकतो, त्यात औषध ओततो, आणि महिन्याला गाडी येऊन ड्रम भट्टीत भाजायला नेते. त्या वर्षी तीन महिने गाडी आली नाही. दोन्ही ड्रम काठोकाठ. माणसं येतच होती, बूट घासतच होते. माती टाकू कुठे, डोक्यावर? शेडमागे आपल्या परसात टाकली. मनात म्हटलं, गाडी आली की उचलू.

पंधरा दिवसांनी तिथे एक वेल उगवला. पान हाताएवढं, फूल जांभळं. असा वेल मी जन्मात बघितला नव्हता. कुणाच्या खाचेतून आला कोण जाणे. मग टोमॅटो आले, मुठीएवढे. मग लाल भोपळा, जो तुझ्या आईनं आणि मी मिळून उचलला आणि तरी आमचं त्यावरून भांडण झालं. गाडी यायला लागली, पण मी माती उचलली नाही. उलट त्या दिवसापासून अर्धी ड्रममध्ये आणि अर्धी परसात. औषधानं माती मरते, मेलेल्या मातीत काही येत नाही, म्हणून औषध पडायच्या आधीची चांगली चांगली काढून ठेवायची. भाजी घरची होते, आणखी काय पाहिजे?

खरं लिहायचं तर भाजी एवढंच नव्हतं. मी जिल्ह्याच्या दवाखान्यापलीकडे कधी गेले नाही. माणसं बाकावर बसून सांगायची, आम्ही इतक्या लांबून आलो, तितक्या लांबून आलो. मी मान डोलवायची. मनात म्हणायची, तुम्ही आलात तसे जाल, तुमची माती मात्र माझी.

तर असं आहे. जी दारात अडवायला मला बसवलं, ती मी घरात साठवली, आणि डब्यात घालून स्वतःच्या हातानं आत पाठवली. अठरा वर्षांत एकही बूट सुटला नाही, मुंगे. मीच सुटले.

हे तुझ्या अहवालात लिही. पश्चिम फाटकावरच्या ब्रशवालीनं केलं, असं लिही. सगळे ओळखतात. रानडुकरं खोड.

तुझ्या आईला अजून सांगितलं नाही. साहेबांना उद्या सांगते.

आजी

१३ एप्रिल

आजी,

तुझं सहा तारखेचं पत्र परवा मिळालं. त्यात माती सोडून सगळं होतं, तेव्हाच मला कळलं.

पण मी त्याच्या आधीच साहेबांना कळवून रखवालदाराच्या डब्यांतली माती मागवली होती. ती आली. तीच मूळकूज, झाडाखालच्या मातीतल्यापेक्षा जुनी. काल मी अहवाल दिला. त्यात लिहिलं, रोगाचा उगम पश्चिम फाटकाच्या शेडमागची बाग, बुटांवरून काढलेल्या मातीची. सेविका माझी आजी आहे, हेही लिहिलं, कारण ते लपवलं असतं तर अहवाल कोणी खरा मानला नसता.

मोठ्या बाई म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाच्या सहीनं देऊ या का?" मी नको म्हटलं. घरी जाऊन खूप रडले. तू सांगशील म्हणून थांबायला हवं होतं, पण तू सांगशील असं मला वाटलं नाही. हे लिहायला मला सगळ्यात जास्त लाज वाटतेय.

माफ कर किंवा नको करू. परसातली माती हलवू नकोस, पाणी घालू नकोस. माणसं येत आहेत.

मुंगी

१८ एप्रिल

आजी,

तुझं बारा तारखेचं पत्र काल आलं. ऑफिसच्या जिन्यात बसून वाचलं, पायऱ्या झाडणारी बाई माझ्याभोवतीनं झाडून गेली.

पाच दिवस, आजी. पाच दिवस थांबले असते तर तूच सांगितलं असतंस, आणि मी फक्त ते पुढे पाठवणारी झाले असते. आता मी तुला धरून दिलेली झाले. आईला दोन पत्रं पाठवली, उत्तर नाही. तू तरी लिही. शिव्या लिही, पण लिही.

मुंगी

२५ एप्रिल

चि. मुंगीस,

तुझ्या अहवालाची प्रत ऑफिसच्या भिंतीवर लागली आहे. सगळ्या गावानं वाचली. ज्यांना वाचता येत नाही त्यांना इतरांनी मोठ्यानं वाचून दाखवली.

सासूबाईंनी चुकीचं केलं हे मला कळतं. पण त्यांनी तुला तीन वर्षांची असल्यापासून वाढवलं, मी कामाला जायची तेव्हा. बाहेरच्या माणसानं लिहिलं असतं तर मी काही बोलले नसते.

मला पत्र लिहू नकोस. मी उघडणार नाही.

आई

४ जून

मुंगे,

उशिरा लिहितेय कारण हाताला फोड आले होते, पेन धरवत नव्हतं. आता साली निघाल्यात. शिव्या लिही म्हणालीस. शोधल्या, तुझ्यासाठी एकही शिल्लक नव्हती, सगळ्या खोल्यावालीनं वापरल्या. सगळं क्रमानं सांगते, नाहीतर तू भिंग लावून बसशील.

तेरा तारखेला मी साहेबांकडे गेले, तर त्यांच्या टेबलावर डब्यांतली माती मागवणारा तुझा निरोप आधीच पोचलेला, परसाच्या संशयासकट. मी सांगत होते आणि ते मान हलवत होते. मला वाटलं, हा माणूस किती समजूतदार. नंतर कळलं, त्यांना सगळं पाठ होतं.

वीस तारखेला पांढरे पायजमे घातलेली सहा माणसं आली आणि त्यांनी परसाला दोरी बांधली. त्याच दिवशी अहवाल भिंतीवर लागला. संध्याकाळी साहेबांनी सगळ्यांना ऑफिसच्या ओट्यासमोर बोलावलं. मी पुढे बसले. मागे बसले असते तर लपले म्हणाले असते. साहेब बोलायला लागले, नियम, उपनियम. मला ऐकवेना. उठले आणि म्हटलं, "कागदात लिहिलंय ते खरं आहे. माझ्या नातीनं लिहिलंय, तिनं खोटं लिहायचं कारण नाही. मी केलं."

मग खोल्यावाली उठली. "काकी, अठरा वर्षं माझ्या पाहुण्यांना तुम्ही चोरासारखं तपासलंत. एक बाई तर रडत आली होती माझ्याकडे. आणि तुम्ही स्वतः?"

मी म्हटलं, "हो."

"हो काय? एवढंच?"

"आणखी काय म्हणू? तू बोल, मी उभी आहे."

बोलली. पोटभर बोलली. रेनकोटवाल्यानं मध्ये दोन वेळा तिला पाणी दिलं. मी उभीच. तुझी आई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, दुखऱ्या गुडघ्यानं. मी म्हटलं, बस. ती म्हणाली, "तुम्ही बसलात की बसेन."

त्या रात्री वाटलं, उद्यापासून या गल्लीतून कसं चालायचं. सकाळी दार उघडलं तर दारात खोल्यावाली, हातात फावडं, आणि नवऱ्याचे गुडघ्यापर्यंतचे बूट. म्हणाली, "चपलेनं खोदणार आहात का? घाला." बूट दोन आकडे मोठे. आत कापड कोंबून घातले. तिच्या मागे वाटाडे, रेनकोटवाला, पुलावरून रखवालदार, ज्यांची नावं मला धड घेता येत नाहीत असं निम्मं गाव. पांढऱ्या पायजम्यांनी सगळ्यांना हातमोजे दिले. गुडघ्याएवढं नाही, मांडीएवढं खोदलं. सगळी माती ड्रममध्ये भरून जाळावर भाजली. एका वेळी सहा ड्रम, पुन्हा भरा, पुन्हा भाजा. अठरा दिवस.

वेल उपटला तेव्हा मी हातानं उपटला. त्याची मुळं तुझ्या वेणीएवढी जाड होती. भोपळे जाळले. टोमॅटो जळायला लागले तेव्हा असा वास सुटला की सगळ्यांना भूक लागली, आणि लाजेनं कोणी बोलेना. शेवटी रखवालदार म्हणाला, "वहिनी, हे जाळायच्या आधी मीठ लावलं असतं तर बरं झालं असतं." तेव्हा पहिल्यांदा लोक हसले. मी त्या माणसाचे उपकार विसरणार नाही.

शेवटचा ड्रम आठ मेला उतरवला. दहा मेला पाऊस आला. असा आला की परसाच्या खड्ड्यात विहीर झाली आणि तिथून पाणी ओढ्यात, ओढ्यातून थेट आत. साहेब शेडमध्ये छत्री झटकत उभे होते. म्हणाले, "बाई, पाच दिवस उशिरा सुरू केलं असतं तर उरलेली माती या पाण्यात असती. मग फाटक बंद करून काय उपयोग होता?"

पाच दिवस. तुझं पत्र काढून पुन्हा वाचलं. मुंगे, तू माझ्या पत्राची वाट बघत बसली असतीस तर हुकूम पाच दिवस उशिरा निघाला असता. मी सांगणार होते, हे खरं आहे. पण मी सांगायला सहा दिवस रेनकोट आणि सर्दीच्या गोष्टी केल्या, हेही खरं आहे. तू माझी वाट बघितली नाहीस, म्हणून आज माझ्या समोरच्या घरात वरच्या मजल्याच्या विटा चढतायत. मला धरून दिलंस म्हणून रडतेस? मला कोणी तरी धरायलाच हवं होतं, आणि ते आपल्यातल्या माणसानं धरलं. परक्यानं धरलं असतं तर मी खोटं बोलले असते, मला मी ठाऊक आहे.

एकतीस तारखेला निकाल आला. फाटक उघडं राहणार. पुलापर्यंतची जुनी वाट सहा वर्षं बंद. वळसा घालून लाकडी नवी वाट करतायत. ते झाड वाचणार नाही. त्याबद्दल मला माफ करा असं मी कोणाला म्हणत नाही. जवळपासची चौदा झाडं तपासली, ती धडधाकट आहेत. तुझ्या मोठ्या बाईंनी निकालात लिहिलंय म्हणे की उगम वेळेवर आणि खरा सांगितला म्हणून असा निकाल. साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली. मी तिसऱ्यांदा वाचायला लावली.

आभार मानायला मला येत नाही. तो शब्द तोंडात घेतला की भातात खडा लागावा तसं होतं. पण लिहिताना दात लागत नाहीत, म्हणून लिहिते. तुझे आभार. तुझ्या मोठ्या बाईंचे. खोल्यावालीचे, तिच्या नवऱ्याच्या बुटांचे. रखवालदाराचे, ज्याला अजूनही आठवत नाही डबे कुणी दिले. सकाळी उठले की एवढी सगळी माणसं मोजते आणि मग चहा पिते. आधी नुसता चहा प्यायची.

ब्रश माझ्याकडून काढून घेतला. बरोबर आहे, मीही काढला असता. साहेबांनी तुझ्या आईला विचारलं, तुम्ही बसाल का बाकावर. ती म्हणाली, "त्या जिवंत असताना मी त्यांच्या जागेवर बसणार नाही." पंचवीस वर्षं या बाईनं माझ्या प्रत्येक गोष्टीला नाक मुरडलं, आणि आता ऐन वेळेला असं बोलून बसली. मीच हात धरून बसवली. मी समोरच्या दगडावर बसते. म्हणते, डावी टाच राहिली. ती म्हणते, दिसतंय मला. हात चांगला आहे तिचा. तारेचा कोन चुकतो. ताटातली माती मात्र कणभर बाजूला पडू देत नाही, आणि माझ्याकडे बघून झाकण लावते.

पण तुझ्याशी बोलत नाही. तुझी तीन पत्रं पिठाच्या डब्यामागे न उघडता उभी आहेत. मी म्हटलं, अगं, लेकीनं अहवाल दिला नसता तर तू कुठल्या बाकावर बसली असतीस? तर म्हणाली, "तुम्ही गप्प बसा. मी तुमच्यासाठीच भांडतेय." घे आता. माझ्या बाजूनं भांडायला माणूस मिळालं, ती माझी सून, आणि भांडते कुणाशी, तर माझ्या नातीशी. या वयात मला हे सोसत नाही. चांगलं वाटतं, आणि ते सोसत नाही.

म्हणून मी ठरवलंय. हे पत्र टपालात टाकायच्या आधी शेडमध्ये मोठ्यानं वाचणार, ती कुणाचा तरी बूट मांडीवर घेऊन बसलेली असताना. हातातला बूट टाकून तिला पळता येणार नाही, पाहुण्याला लंगडत मागे यावं लागेल. आणि शेवटी हे वाचणार: मुंगे, या पत्राला उत्तर तू लिहायचं नाहीस, तू पुष्कळ लिहिलंस. सूनबाई, उत्तर तू लिहायचंस, लेकीला, स्वतःच्या हातानं, या शनिवारच्या आत, आणि मला न दाखवता पाकीट बंद करायचंस.